मावशी, केस वाढवल्यावरच राहुलला अंजली दिसली का?

कृष्णाकाठची_मावशी, सांगली

नमस्कार मंडळी. प्रश्न पिक्चरचा आहे पण माझ्यासाठी तो पिक्चरपुरता राहिला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

मागच्या रविवारी भाची आमच्याकडं विश्रामबागला आलेली. नववीत आहे. कबड्डी खेळते, चढाईला गेली की बोनस टिपून परत येण्यात शाळेत तिचा हात धरणारं कुणी नाही. केस पहिल्यापासून बारीक, दर दीड महिन्यानं स्वतःच आठवण करून देते की कापायला चला. दोन्ही गुडघ्यांवर खपल्या, त्यातली एक नखानं उचकटत सोफ्यावर बसलेली, मांडीवर भडंगाची वाटी, आणि टीव्हीवर लागला कुछ कुछ होता है. मी हा १९९८ साली अकरावीत असताना मैत्रिणींबरोबर थिएटरात दोनदा बघितलाय आणि दोन्ही वेळा रडलेय, त्यामुळं मीच म्हटलं, बदलू नको, बघ, तुझ्यासारखीच हिरोईन आहे.

सुरुवातीला पोरगी खूश. अंजली राहुलला बास्केटबॉलमध्ये हरवते तेव्हा तर टाळ्याच वाजवल्या. मग टीना आली. मग तो सीन आला, अंजली टीनासारखं नटून कॉलेजात येते आणि सगळं कॉलेज तिला हसतं, राहुलसुद्धा हसतो. इथं हिचा हात वाटीतच थांबला. खरं सांगते, मला गाणी सगळी पाठ होती, टीनाची पत्रं आठवत होती, पण हे हसणं मी पार विसरून गेले होते. ती मात्र टक लावून बघत होती.

पुढं आठ वर्षांनी अंजली साडीत, लांब केस सोडलेले. भाची म्हणाली, "हीच ती?" म्हटलं हो. "आता आवडली व्हय त्याला?" म्हटलं अगं, तेव्हा त्याला कळलं नव्हतं. तर म्हणते, "मग केस वाढल्यावर कसं काय कळलं?"

मला उत्तर देता आलं नाही. तेवढ्यात स्वयंपाकघरातून ताई म्हणाली, "बघ, मी काय वेगळं सांगते का, वाढव जरा." खपली निघून गुडघ्यातनं रक्त आलेलं, ती धुवायला म्हणून मोरीत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

परवा ताईचा फोन आला, केस कापायची वेळ झाली तर पोरगी म्हणाली या वेळी राहू दे. ताई खूश आहे, मला मात्र चैन नाही. हौस म्हणून वाढवायचे असते तर मीच पहिला गजरा आणून दिला असता, पण हे हौसेचं वाटत नाही. पुढच्या महिन्यात तिच्या जिल्ह्याच्या मॅचेस आहेत आणि ती आरशासमोर जास्त उभी असते म्हणे.

मला दोन गोष्टी हव्यात. एक म्हणजे हे सगळ्याच प्रेमाच्या पिक्चरमध्ये असं आहे का, की मलाच आता दिसायला लागलंय. आणि दुसरं, तिला दाखवावा असा एखादा पिक्चर सांगा, ज्यात अशा पोरीला कुणी दुरुस्त करत नाही.

पोवई_नाका, सातारा

ताई, तुमच्या भाचीनं नववीत जे विचारलं ते माझ्या डोक्यात यायला चाळीशी उजाडली. आणि नाही, तुम्हालाच दिसतंय असं नाही, हे जागोजागी आहे.

आधी कुछ कुछ होता है चंच बघा. टीना मिनी स्कर्टमध्ये येते, बाहेर देशात वाढलेली, पोरं तिला अडवतात की हिंदी गाणं म्हणून दाखव, आणि ती काय म्हणते तर ओम जय जगदीश हरे. झालं, सगळे गार. म्हणजे अडचण आखूड कपड्यांची नव्हतीच, नटणं पाहिजे आणि आरती पण आली पाहिजे असं ते माप आहे, आणि बारीक केसांची टी-शर्टवाली अंजली त्या मापात कुठूनच बसत नाही. तिनं तसंच राहिलं तर ती दोस्त, आणि नटायचा प्रयत्न केला तर हसू. दोन्हीकडनं मार. आठ वर्षांनी परत येते तेव्हा प्रयत्न अजिबात दिसत नाहीत, जणू साडी अंगावर उगवलीय, तेव्हा कुठं पास. करण जोहरनं स्वतः पुढं जाहीरपणे कबूल केलंय की त्या पिक्चरमध्ये बाईकडं बघण्याची नजर चुकीची होती. त्यानं ते मान्य केलं याचं मला बरं वाटतं, कारण आमच्या पिढीच्या डोक्यात ते एकदम घट्ट बसलं होतं, माझ्या वर्गातल्या एका खो-खो खेळणाऱ्या मुलीला आम्ही पोरं "अंजली" म्हणायचो आणि तिला ते छान वाटत असेल असं आम्हाला खरंच वाटायचं.

मग २००४ चा मैं हूँ ना. संजना फाटक्या जीन्समध्ये, मित्राच्या खांद्याला खांदा लावून, लकीचं तिच्याकडं लक्ष नाही. केमिस्ट्रीच्या मॅडम तिला नटवतात, पंजाबी ड्रेस, मोकळे केस, आणि लकीला चक्कर यायची बाकी. यात मला एक गोष्ट फार टोचते. संजना अशी का, तर तिच्या वडलांना मुलगा हवा होता. २०१६ चा दंगल घ्या, तिथंही बापाला मुलगे हवे होते, ते झाले नाहीत म्हणून पोरींना कुस्तीत घातलं आणि त्यासाठी त्यांचे केस कापले. म्हणजे पोरगी अशी असली की तिला काहीतरी कारण लागतं, बापाची इच्छा नाहीतर घरचं दुःख, कुणीतरी तिला तसं केलेलं असतं. नटणाऱ्या पोरीला कधी विचारतात का, बाई गं, तू अशी का झालीस? तिला कारण लागत नाही. तुमच्या भाचीला पण कारण नसेल, तिला बारीक केस आवडतात, विषय संपला.

दाखवायचंच तर २०१५ चा तनू वेड्स मनू रिटर्न्स दाखवा. कंगनाच दोन्ही रोलमध्ये आहे, तनू ती लाली-लिपस्टिकवाली आणि दत्तो हरियाणाची खेळाडू, बारीक केस, कुणाला भीत नाही. बाईच एक असल्यामुळं एक गोष्ट उघडी पडते की चेहरा तोच, फरक सगळा केसांचा, कपड्यांचा आणि बोलण्याचा. तनूचा नवरा मनू दत्तोच्या मागं लागतो तोसुद्धा ती तनूसारखी दिसते म्हणून. शेवटी तो तनूकडंच जातो, आणि दत्तो फेरे चालू असताना स्वतः थांबते आणि निघून जाते. तिला हरवलंय, पण लहान केलेलं नाही. मला तो पिक्चर दत्तोचाच वाटतो.

साधा_प्रेक्षक, वाई

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. आठ वर्षांत माणूस बदलतो हो. माझी बायको कॉलेजात जीन्सशिवाय काही घालायची नाही, आता तिला इरकल आवडते, कुणी सांगितलं म्हणून नाही. अंजलीला पण तशी आवडली असेल. आणि राहुलचं काय, त्याची बायको गेलेली, पोरगी मोठी झालेली, तो पण बदललाय. सगळं केसांवर आणून ठेवलं तर गोष्टीतलं दुःख बाजूला पडतं असं मला वाटतं, आणि ते दुःख खरं आहे.

पोवई_नाका, सातारा

दादा, तुमच्या पत्नीचं अगदी मान्य. पण तुम्ही तुमच्या बायकोवर जीन्समध्ये असतानाच प्रेम केलंत ना? राहुलनं ते केलं नाही, भाचीचा प्रश्न तेवढाच आहे.

साधा_प्रेक्षक, वाई

हो. हे बरोबर आहे.

अबोली_तासगाव

मी दुसऱ्या बाजूनं लिहिणारे कारण इथं सगळे अंजलीच्या बाजूचे आहेत आणि मी लहानपणापासून टीनाच्या बाजूची.

मला नटायला आवडतं. काजळ, बांगड्या, रोज वेगळं कानातलं. इंजिनिअरिंगला मेकॅनिकल घेतलं, वर्कशॉपला पहिल्या दिवशी बांगड्या काढून पिशवीत ठेवल्या, केसांचा अंबाडा घट्ट बांधून वर टोपी, सगळं नियमाप्रमाणं, तरी माझ्या हातात जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, न देता सरांनी मला वही दिली, तू रीडिंग लिही म्हणून. लेथ मशीनवर उभी राहायला मला तीन आठवडे लागले. आमच्या बॅचमधली बारीक केसांची मुलगी पहिल्याच दिवशी लेथवर. तिचा मला इतका राग आला होता की मी तिच्याशी पहिलं सेमिस्टर बोललेच नाही. आणि तिची तरी चूक काय होती? नंतर कळलं की तिला होस्टेलवर पोरी "ए दादा" म्हणून चिडवायच्या आणि त्यात माझ्या मैत्रिणी पण होत्या. आम्ही दोघी मग थर्ड इयरला प्रोजेक्ट पार्टनर झालो आणि आजही रोज बोलतो.

पिक्चर हेच करतात, दोघींना समोरासमोर उभं करतात. एकीला जिंकवायचं म्हणून दुसरीला वाईट करतात नाहीतर मारून टाकतात. टीना इतकी चांगली दाखवलीय, ना कुणाचा हेवा, ना कुणाचं वाईट चिंतणं, आणि तिचं काय केलं? बाळंतपणात मारली आणि मेल्यावर पण नवऱ्याचं दुसरं लग्न लावायचं काम तिच्याच पत्रांना दिलं. जो जीता वही सिकंदर, १९९२ चा, तिथं गॅरेजमध्ये काम करणारी अंजली, हातात पाना, डंगरीवर ऑइलचे डाग, तिला कुणी नटवत नाही आणि शेवटी हिरो संजू तिचाच होतो, हे फार छान आहे, ताई हा भाचीला दाखवाच. पण तिथं देविकाचं बघा, ती सुंदर म्हणून ती पैशाच्या मागं, संजूकडं पैसा नाही कळल्यावर लगेच गेली. नटणारी पोरगी म्हणजे मनानं हलकी, हे पण खोटंच आहे ना.

दोघींना नीट वागवणारा मी एकच बघितलाय, इंग्रजी आहे, १९८७ चा सम काइंड ऑफ वंडरफुल. वॉट्स ड्रम वाजवते, केस बारीक, कपडे पोरांचे, दोस्तावर जीव आणि दोस्ताचा जीव अमांडावर. तो कॉलेजसाठी साठवलेले पैसे मोडून अमांडासाठी हिऱ्याची कानातली घेतो. शेवटी अमांडा स्वतः ती कानातली परत देते आणि त्याला वॉट्सकडं पाठवते, आणि स्वतः मान वर करून एकटी चालायला लागते. आणि तो ती कानातली वॉट्सला देतो! तिचे केस तेच, कपडे तेच, आणि हातात हिरे. मी तो सीन कितीतरी वेळा मागं घेऊन बघितलाय. तिला नटायला आवडणारच नाही असं पण कुणी ठरवलं नाही आणि नटल्याशिवाय चालणार नाही असं पण नाही.

पडद्याआड, मिरज

मी चाळीस वर्षं नाटकाच्या रंगपटात काम केलं, कपडेपट आणि केस माझ्याकडं. पिक्चरचं मला फार कळत नाही पण बाईपण कसं तयार करतात ते हातानं केलंय म्हणून लिहितो.

आपल्या सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला सीता स्वयंवर केलं ते इथंच. त्या रंगभूमीवर पुढं किती दशकं बाया नव्हत्याच, सीता पण पुरुष आणि सखी पण पुरुष. आणि बालगंधर्व, आपल्या पलूस तालुक्यातल्या नागठाण्याचे, त्यांनी शालू कसा नेसला, नथ कशी घातली, केसात फुलं कशी माळली हे बघून चांगल्या घरच्या बायका तसं नेसायला माळायला लागल्या. जरा विचार करा. बाईनं बाईसारखं कसं दिसावं हे त्या काळात बाया एका पुरुषाकडं बघून शिकल्या. मग हे उपजत कसं म्हणायचं?

मी जत्रेच्या नाटकात स्त्रीपार्टी, म्हणजे बाईचं काम करणाऱ्या, पोरांना तयार केलंय. पहिलं गंगावन, म्हणजे खोटे लांब केस, बांधायचं, मानेवर त्याचं वजन आलं की पोरगं आपोआप मान हळू वळवतं. मग नऊवारी, निऱ्या पायात येतात म्हणून पाऊल लहान पडतं. मग पदर, तो खांद्यावरनं घसरतो म्हणून एक हात सारखा वर. झालं की हो, लोक म्हणतात काय लाजते, काय चाल आहे. लाज नाही ती, नेसण आहे. दोन महिने तालीम केली की शेतात नांगर धरणारं पोरगं पण ते करतं, आणि त्यात कमीपणा काही नाही, ती कला आहे, मी तिच्यावर पोट भरलंय.

म्हणून मला या पिक्चरवाल्यांचं पटत नाही. ते पोरीला नटवतात आणि म्हणतात बघा, आता हिच्यातली खरी बाई बाहेर आली. खरी काय, रंगपटातनं आली की ती. साडी नेसलेली अंजली कॅम्पमध्ये बास्केटबॉल खेळते तेव्हा तिचं अर्धं लक्ष पदराकडं, हे मी बघितल्याबरोबर ओळखलं.

बाळाला सांगा, नटणं शिकण्यासारखं आहे, कबड्डी शिकण्यासारखीच. यावं वाटलं तर मिरजेला माझ्याकडं घेऊन या, गंगावन लावून बघू दे, मग काढून ठेवू दे. दोन तासात लांब केस आणि परत बारीक. हातानं करून बघितलं की त्यातली भीती जाते.

शिट्टी, सातारा

मी मुलींना कबड्डी शिकवतो. थोडक्यात लिहितो कारण ग्राउंडला जायचंय.

केसांचा आणि खेळाचा संबंध नाही. माझ्याकडं लांब वेणीच्या पण आहेत आणि मशीन मारलेल्या पण. केसाला धरून पकड करता येत नाही, फाऊल आहे. नखं मात्र कापलेलीच लागतात, ते सगळ्यांनाच. एवढंच बघा की केस डोळ्यावर येऊन चढाईत बाकलाईन, म्हणजे ओलांडावीच लागते ती रेघ, चुकायला नको.

दंगलबद्दल वर लिहिलंय त्यात एक भर. तिथं गीता केस वाढवते, नेलपेंट लावते आणि मग हरायला लागते, केस कापले की परत जिंकते. हे उलटं टोक झालं. मुलींना दोन्हीकडनं केसच दाखवायचे आणि सराव, खुराक, झोप हे दाखवायचं नाही. आमच्या माणमधल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलला दहाव्या आल्या. आमच्या साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ ला बर्लिनमध्ये तिरंदाजीची वर्ल्ड चॅम्पियन झाली, वय १७. आणि तुमच्या सांगलीतच २०२३ ला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, गदा तुमच्याच प्रतीक्षा बागडीनं घेतली. यातलं कुणी कुठल्या हिरोला आवडावं म्हणून खेळत नव्हतं.

मॅचच्या आधी महिनाभर घरात केस हा विषय काढू नका. ना वाढव ना काप. आईला पण सांगा.

अबोली_तासगाव

सर, वेणीवरनं आठवलं, सैराट राहिलाच की! आर्चीला लांब केस, पंजाबी ड्रेस, आणि ट्रॅक्टर पण तीच चालवते, बुलेट पण. तिथं एकच पोरगी दोन्ही आहे. आणि हैदराबादला गेल्यावर स्वयंपाक पण तिला येत नसतो, तो परश्या करतो. आमच्या गावात अशा पाच-सहा तरी सांगेन मी, मागं दुधाचे कॅन बांधून पहाटे स्कूटी घेऊन डेअरीला येतात आणि संध्याकाळी गजरा माळून देवळात. पिक्चरमध्येच तेवढ्या दोन वेगळ्या पोरी लागतात.

कृष्णाकाठची_मावशी, सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय कारण आधी करून बघायचं होतं.

शिट्टी सर, तुमचा रिप्लाय ताईला जसाच्या तसा वाचून दाखवला. आधी गप्प बसली, मग म्हणाली, "मी काय तिच्या वाईटासाठी सांगते का, उद्या स्थळं बघताना लोक पहिला फोटो बघतात." ती खोटं बोलत नाही हो. तिच्या स्वतःच्या वेळी सावळी म्हणून दोन ठिकाणाहून नकार आलेला, तेव्हा हळदीचा लेप लावून ती आठवडाभर बसलेली मला आठवतंय, बोटं पिवळीधमक. मी तिच्याशी भांडायला गेले होते आणि दोघी रडून उठलो. महिनाभर केसांचा विषय नाही असं मात्र तिनं कबूल केलंय.

शनिवारी भाचीला जो जीता वही सिकंदर दाखवला, आवडला, पण तिचं लक्ष सगळं सायकल रेसमध्ये. रविवारी दत्तोचा लावला. दत्तो बोलायला लागली की ही सरळ बसायची, मध्येच हरियाणवी बोलून पण दाखवलं. शेवटी ती मंडपातनं उठून जाते तेव्हा मी हिच्याकडं बघत होते, म्हटलं आता परत मोरीत जाते का काय. तर विचारते, "मावशी, हिच्या पुढच्या मॅचचं काय झालं?" म्हटलं अगं, ते दाखवलं नाही, पिक्चर तनू-मनूचा आहे. "म्हणजे लग्न मोडलं की ती संपली? मॅच असणार की तिची." आणि रिमोट घेऊन बंद केला.

केस अजून कापले नाहीत. डोळ्यावर येतात म्हणून माझा जुना हेअरबँड घेऊन गेलीय, काळा, कापडी. तो घालून आरशात बघितलं, चढाईला जाताना वाकतात तशी वाकली, मान दोनदा झटकली, हलला नाही, म्हणाली चालतंय. पडद्याआड काका, मॅचेस झाल्या की तिला घेऊन मिरजेला नक्की येते, गंगावन म्हणजे काय हे तिला ऐकून पण माहीत नव्हतं, फोटो शोधून बघत बसलेली. आणि अबोली, तो ड्रमवाल्या पोरीचा पिक्चर कुठं बघायला मिळेल ते सांग गं.

पहिली मॅच बुधवारी सकाळी आहे, मी रजा टाकलीय.